पासाऊ ते व्हिएन्ना सायकल टूर: ग्रुपबरोबर जावं की आपलं आपण?

खडकवासला_रिटर्न
नमस्कार मंडळी. मी ५४, बायको ५१. पुढच्या जूनमध्ये डॅन्यूबच्या काठाने जर्मनीतल्या पासाऊपासून व्हिएन्नापर्यंत सायकलने जायचं डोक्यात आहे. सव्वातीनशे किमीच्या आसपास, सात दिवस, गाइड, १४ जणांचा ग्रुप, बॅगा गाडीने पुढच्या हॉटेलात. मी दर रविवारी खडकवासला करून येतो (मधे कणीस-भजी होतातच), पण हिने सायकल शेवटची चालवली ती कॉलेजात असताना. ती म्हणते सगळे पुढे जाऊन माझी वाट बघत उभे राहणार आणि मी धापा टाकत येणार, त्यापेक्षा तू जा मी आईकडे जाते. कोणी गेलंय का? ग्रुपमध्ये फरफट होते का?

डबलसीट
आम्ही गेलो होतो, असाच ग्रुप. वहिनींना सांगा, फरफट अजिबात होत नाही. गाइड म्हणजे शिट्टी वाजवत पुढे पळणारे सर नव्हेत, आमची गाइड बाई बहुतेक वेळ सगळ्यात मागे असायची, कोणी आइस्क्रीमला थांबलं तर तीही थांबायची. सकाळी नकाशा देतात, जेवायला कुठे भेटायचं ते ठरतं, मधे ज्याचं त्याने. रस्ता नदीच्या प्रवाहाबरोबर जातो त्यामुळे जवळजवळ सपाट, आणि वारा बऱ्याचदा पश्चिमेचा म्हणजे पाठीवर.

त्रास होतो तो बुडाला. पाय नाही दुखत, पण तिसऱ्या दिवशी सीटवर बसताना सगळा ग्रुप एकसुरात "आई गं" करत होता आपापल्या भाषेत. पॅडवाली शॉर्ट घ्या आणि खाली अंडरवेअर घालू नका, हे कोणी सांगत नाही, सगळे लाजतात.

आणि ब्रेक!! आपल्याकडे पुढचा ब्रेक उजव्या हाताला, तिकडे डाव्या. मला कोणी बोललं नव्हतं. ग्राइनच्या अलीकडे समोर एक आजी कुत्रं घेऊन आल्या, मी सवयीने डावा ब्रेक करकचून दाबला आणि थेट खडीत. कोपर सोलवटलं, आजींनीच पर्समधून बँडेड काढून लावलं. काही भाड्याच्या सायकलींना पेडल उलटं फिरवलं की मागचा ब्रेक लागतो, तेही आधी पार्किंगमध्ये करून बघा.

एकला_चालो
मी उलटं सांगतो. या रूटला गाइड लागतच नाही हो. युरोवेलो ६ या युरोपभर जाणाऱ्या सायकल मार्गाचा हा सगळ्यात लोकप्रिय तुकडा, पाट्या इतक्या की चुकायचं ठरवलं तरी चुकणार नाही, आणि चुकलात तर नदी शोधा. बॅगा पोचवायची सोय गाइडशिवायही मिळते, सायकल हॉटेल बॅगा एवढंच पॅकेज घ्यायचं, बरंच स्वस्त पडतं. श्लोगनला नदी जवळजवळ उलटी फिरते, तिथे छोटी होडी सायकलीसकट पलीकडे नेते, आम्ही दुपारभर तिथेच लोळलो. ग्रुपमध्ये असतो तर चार वाजता निघा म्हणाले असते. फक्त रविवारी दुकानं बंद, शनिवारीच फळं-ब्रेड घेऊन ठेवा.

डबलसीट
@एकला_चालो पंक्चर तुम्ही स्वतः काढता म्हणून बोलताय. आमच्यात सहा जणांना ट्यूब कुठल्या बाजूने काढायची तेही माहीत नव्हतं, मी धरून.

साजूक_तुपातली
व्हेज आहात का? असाल तर सूपपासून सावध. शेवयांसारख्या पॅनकेकच्या पट्ट्या तरंगत असतात, दिसायला अगदी सात्त्विक, पण पाणी बीफचं. विचारून घ्या. क्येझेश्पेट्झले म्हणजे चीजमध्ये घोळलेले पिठाचे गोळे, ते पोटभर होतं. आणि मेल्क ते क्रेम्स हा वाखाऊचा पट्टा एका दिवसात उरकू नका. एका बाजूला द्राक्षमळे, मधे ड्युर्नश्टाइनचा पडका किल्ला, इंग्लंडचा राजा सिंहहृदयी रिचर्डला ११९२ मध्ये पकडून ठेवलं होतं तो. जर्दाळू तिथला फेमस, पण साधारण जुलैत येतो, म्हणून मी तर म्हणेन जून सोडा जुलैत जा. आख्खा जर्दाळू आत घालून उकडलेला गोळा वरून परतलेला ब्रेडचा चुरा, म्हणजे उकडीच्या मोदकाची ऑस्ट्रियन मावसबहीण. मी जेवण म्हणून दोनदा खाल्ला.

व्हिसा: सुरुवात जर्मनीत असली तरी रात्री जास्त ऑस्ट्रियात, त्यामुळे अर्ज ऑस्ट्रियाकडे. आमच्या ग्रुपातल्या एकांनी जर्मनीकडे केला आणि परत पाठवले गेले.

खडकवासला_रिटर्न
सगळ्यांचे आभार. हिला हे सगळं वाचून दाखवलं. आईकडे जाणं रद्द, पण ग्रुपच हवा आणि स्वतःला ई-बाइक हवी, पेडल मारावंच लागतं आणि ताशी २५ किमीच्या वर मोटर मदत करत नाही म्हटल्यावर "मग ठीक आहे, चीटिंग नाही" असा निकाल आला. काल शेजारच्या मुलाची सायकल घेऊन सोसायटीला अकरा फेऱ्या मारल्या, डावा ब्रेक न दाबता. ताई, जुलैत जर्दाळू साधारण कितव्या आठवड्यात? तारीख आता मी नाही, ती ठरवतेय.