मान धरलीय, सांगली-मिरजेत कोणाकडे जाऊ?

अडतवही: गोळ्या झाल्या, पट्टा झाला, फरक शून्य. सोमवारी सौदे आहेत. मान मोकळी करून देणारं कोणी माहीत असेल तर नुसता पत्ता टाका. 'डॉक्टरांना दाखवा' नको.

कृष्णाकाठ: किती दिवस झाले? वय? हाताला मुंग्या येतात का?

अडतवही: आठ-दहा महिने. वय कशाला?

भडंगवाला: आमचा कटिंगवाला शेवटी कडकन मान वाजवतो. स्वर्ग!

मी_फिजिओ: तो स्वर्ग खराही ठरायचा. मेंदूला रक्त नेणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांतून वर जातात. झटक्याने त्या आतून फाटून लकवा मारल्याच्या घटना आहेत. क्वचित, पण आहेत.
तीन महिन्यांवर गेलेलं दुखणं नुसतं हाताने सैल करून भागत नाही. त्या दिवशी हलकं वाटतं, टिकतं ते व्यायामाने. दोन्ही जोडीने करा. ताठ बसून हनुवटी सरळ मागे घ्या. खाली नाही, मागे. गळ्याला वळी पडली की बरोबर. पाच मोजा, सोडा, असं दहा वेळा. पट्टा कधीपासून?

अडतवही: दिवाळीपासून.

मी_फिजिओ: अहो! त्यानं मानेचे स्नायू आणखी दुबळे होतात. फोन कसा धरता?

अडतवही: खांद्यात. दोन्ही हात वहीत असतात.

निवृत्त_मास्तर: माझ्या एमआरआयमध्ये झीज निघाली होती. उशी फेकली, चार दिवसांत बरा.

मी_फिजिओ: सर, चाळिशीनंतर काही दुखत नसलेल्यांच्या मणक्यातही झीज दिसते. उशीला उगाच फाशी दिलीत.

निवृत्त_मास्तर: अनुभव आहे माझा, पुस्तकातलं सांगत नाही!

भडंगवाला: अडतवही, हळद काय भाव चाललीय?

अडतवही: व्यक्तिगत निरोप करा. आणि हो, चार दिवस झाले, शर्टाची बटणं लागेनात. काल पेन दोनदा सुटलं. हेही मानेचंच का?

कृष्णाकाठ: मी पहिलंच काय विचारलं होतं?

अडतवही: मुंग्या नाहीत म्हणून बोललो नाही.

मी_फिजिओ: हे आधी सांगायचं! व्यायाम बंद, मालीश बंद. मज्जारज्जूवर दाब असू शकतो. चालताना तोल जातो का? लघवीला त्रास? तसं असेल तर आत्ताच इमर्जन्सीला जा. नसेल तरी सोमवारी सकाळी मणक्याच्या डॉक्टरांकडे.

अडतवही: तोल ठीक आहे. सकाळी सौदा आहे, दुपारी मिरजेला जातो.

कृष्णाकाठ: सौदा पोराला करू दे.

अडतवही: त्याला हळकुंड आणि गट्टा यातला फरक कळत नाही. बरं, जातो सकाळीच.