प्रतिसाद: बागेसाठी लँडस्केप डिझायनर नेमका कधी बोलवावा?
घराभोवतीची बाग करताना आराखडा काढणारा 'डिझायनर म्हणजे वरखर्च', असं एकाने लिहिलंय, त्यावर हे उत्तर. अंगण, लॉन, दोन वाफे एवढ्यापुरतं मान्य. तिथे कंत्राटदार पुरेसा. पण दापोली-गुहागरकडची उताराची जागा असेल, तर कंत्राटदाराने दर देण्याआधीच डिझायनर बोलवावा. इथे वर्षाला 3000 मिलिमीटरहून जास्त पाऊस. उतारावर माती अडवणारा सुका गडगा (सिमेंटाशिवाय रचलेली दगडी भिंत) पाणी सोडतो. सिमेंटात बांधलेल्या जांभ्याच्या भिंतीमागे मात्र ते तुंबतं आणि भिंतीला पोट सुटतं. पाणी कुठून काढायचं, भिंतीसाठी स्ट्रक्चरल इंजिनिअर लागेल का, हे आराखड्यातच ठरायला हवं. भरतीरेषेपासून 500 मीटरच्या आत असाल तर सीआरझेडही (किनाऱ्यालगतच्या बांधकामाचे नियम) आलं. झाडांचं काय, खाऱ्या वाऱ्यात सुरू, उंडी ही झाडं टिकतात हे गावातला माळीही सांगेल. (फी मात्र आधीच ठरवा, 'नंतर बघू' नको.)