वेस्टर्नच्या सेटवरचे 'धमाल' किस्से: आपण नक्की कशाला हसतो?

दुपारचा_शो
काल रात्री भाच्याला 'द गुड, द बॅड अँड द अग्ली' हा जुना वेस्टर्न, म्हणजे काउबॉयपट, दाखवायला बसलो. तो विसाव्या मिनिटाला घोरायला लागला, मी मात्र शेवटपर्यंत जागा. मग खोड म्हणून एली वॉलकच्या जुन्या मुलाखती लावल्या. वॉलक म्हणजे यातला टुको, तोच तो 'अग्ली'. गप्पिष्ट माणूस, आजोबा असावेत तर असे. त्याचे या सेटवरचे किस्से मी कॉलेजपासून मित्रांना रंगवून सांगत आलोय. काल पहिल्यांदाच हसू आलं नाही.

ज्यांना माहीत नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. टुको घोड्यावर बसलेला, हात मागे बांधलेले, गळ्यात फास. सिनेमाचा हिरो क्लिंट ईस्टवुड लांबून गोळी झाडून दोर तोडतो असा प्रसंग. बार उडाला, घोडा बिथरला आणि सुटला तो सुटलाच. हात बांधलेला वॉलक मैलभर नुसत्या मांड्यांच्या जोरावर पाठीवर टिकून राहिला. दुसरा रेल्वेचा. हातकडीची साखळी रुळावर टाकायची आणि गाडीखाली ती तोडून घ्यायची, म्हणून हा रुळाशेजारी पालथा पडलेला. प्रत्येक डब्याला बाहेरच्या बाजूने फूटभर लोखंडी पायरी होती, आणि हे सेटवर कुणाच्याच ध्यानात आलेलं नव्हतं. त्याने नको त्या क्षणी मान वर केली असती तर खेळ खलास. तिसरा म्हणजे, त्याच्या सोड्याच्या बाटलीशेजारी कुण्या तंत्रज्ञाने ॲसिडची बाटली ठेवली आणि याने चुकून तीच तोंडाला लावली.

एकाच सिनेमात मरण एका नटाला तीनदा हुलकावणी देऊन जातं आणि आपण म्हणतो, काय बहार माणूस! माझ्या मते हे निष्काळजीपणाचे कबुलीजबाब म्हणूनच ऐकायला हवेत, आणि 'काय दिवस होते ते' हे पालुपद बंद व्हायला हवं. बोला.

पेठेतला_काउबॉय
घ्या! आता वेस्टर्नवरही हेल्मेटसक्ती.
अहो, ज्याच्या मानेवरून ती पायरी गेली तोच हसत हसत सांगतोय ना? तो माणूस २०१४ साली, वयाच्या ९८व्या वर्षी गेला. २००५ मध्ये आत्मचरित्र लिहिलं, त्यातही रडगाणं नाही. त्याची तक्रार नसताना आपण त्याच्या वतीने वकीलपत्र का घ्यायचं?
आणि धोका पत्करणं हा त्या लोकांचा धंदा होता. १९३९ चा 'स्टेजकोच' आठवा. स्टंटवाला याकिमा कनट धावत्या बग्गीच्या पुढच्या घोड्यांवर उडी मारतो, गोळी लागल्यावर घोड्यांच्या मधोमध खाली घसरतो, फरफटत जातो, मग हात सोडतो, आणि घोडे नि अख्खी बग्गी त्याच्यावरून निघून जाते. ना संगणक, ना हिरवा पडदा. रोडिओ, म्हणजे बिथरलेल्या घोड्यांवर टिकून राहायच्या स्पर्धा, गाजवलेला गडी होता तो. त्याला बिचारा म्हणणं हा त्याचा अपमान आहे.

दुपारचा_शो
@काउबॉय, कनटला बिचारा म्हटलंय कुठे? कनटने अंतर मोजलं, घोडे पारखले, कुठे हात सोडायचा ते ठरवलं, मग उडी मारली. त्याला जो मानद ऑस्कर मिळाला तो स्टंटसाठी होताच, पण स्टंटवाल्यांचा जीव वाचवणारी साधनं तयार केल्याबद्दलही होता. त्यात ती ॲसिडची बाटली कुठे बसते सांगा. तिथे कसलं कसब होतं?

मोतद्दार
कनटचं कौतुक चाललंय म्हणून एक गोष्ट घालतो. 'रनिंग डब्ल्यू' नावाचा प्रकार होता. घोड्याच्या पुढच्या पायांना तार बांधायची, दुसरं टोक जमिनीत पुरलेल्या खुंटाला. घोडा भरधाव सोडायचा. तार संपली की पाय खेचले जातात आणि घोडा तोंडावर आपटतो. पडद्यावर फार झकास दिसतं. कनटसुद्धा यातला वाकबगार होता. त्याच्या चाहत्यांना हे सांगितलं की ते विषय बदलतात.
१९३९ च्याच 'जेसी जेम्स'मध्ये कड्यावरून घोडा पाण्यात पाडला, तो मेला. त्यावर एवढा गदारोळ झाला की १९४० पासून अमेरिकन ह्युमेन या संस्थेची माणसं सेटवर लक्ष ठेवायला लागली. पुढे पडण्याचं शिक्षण दिलेले घोडे वापरायला लागले. ते मऊ केलेल्या मातीवर, इशारा मिळाला की अंग टाकतात. म्हणजे दुसरा मार्ग होता. फक्त त्याला वेळ आणि पैसा लागत होता.
नटांच्या आठवणींत घोडा कायम 'बेरकी' किंवा 'माझ्यावर जीव लावणारा' असतो. मी लहानपणी तबेल्यात वाढलोय. घोडा बिथरला की चूक बहुतेक वेळा माणसाची असते. कानाशी बार काढणार असाल तर आधी त्याच्या कानात कापूस घालायचा असतो, हे कुठलाही मोतद्दार सांगेल.

खमंग_काकडी
पॉपकॉर्न घेऊन बसले आहे. आणि कृपा करून 'द मॅन हू शॉट लिबर्टी व्हॅलन्स' या वेस्टर्नमधलं ते 'दंतकथाच छापा' वालं वाक्य कुणी आणू नका, प्रत्येक वेस्टर्न चर्चेत येतं.

चष्मा_शोधतेय
मला मूळ मांडणीच पटली नाही, पण काउबॉयच्या कारणांनी नाही.
धागाकर्ते या आठवणींना साक्ष समजताहेत. नट हा पेशाने गोष्ट सांगणारा. चाळीस वर्षं तोच किस्सा टीव्हीवर, समारंभांत, जेवणांच्या टेबलांवर सांगितला की तो घासून गुळगुळीत होतो. घोडा मैलभर पळाला की दोनशे पावलं, कोण मोजायला गेलं होतं? त्यावरून खटला उभा करू नका.
शिवाय सगळ्या आठवणी मरणाच्या थोड्याच आहेत? 'द मॅग्निफिसंट सेव्हन'मध्ये (१९६०) हाच वॉलक डाकूंचा म्होरक्या आहे. मेक्सिकोत चित्रीकरण होतं, टोळीतले डाकू म्हणजे तिथले खरे घोडेस्वार. ते रोज सकाळी त्याला बरोबर घेऊन रपेटीला जायचे आणि सेटवरही त्याला आपला सरदार असल्यासारखं वागवायचे. त्याच सेटवर स्टीव्ह मॅक्वीन आणि यूल ब्रिनर यांची शीतयुद्धं. ब्रिनर उंच दिसावं म्हणून पायाखाली मातीचा ढीग करून उभा राहायचा आणि मॅक्वीन जाता-येता तो पायाने उसकटायचा. ब्रिनर बोलत असला की हा मागे टोपीशी चाळा करणार, काडतुसं कानाशी हलवून बघणार, म्हणजे बघणाऱ्याची नजर याच्याकडे. आमच्या ऑफिसातल्या दोन मॅनेजरांची आठवण येते.
आणि माझा सगळ्यात आवडता, 'गनस्मोक'चा. १९५५ ते १९७५, वीस वर्षं चाललेली मालिका. मार्शल डिलन झालेला जेम्स आर्नेस दुसऱ्या महायुद्धात इटलीत आन्झिओला पायात गोळ्या लागून जायबंदी झालेला. घोड्यावर चढउतार करताना तो पाय जन्मभर दुखायचा, पण मार्शल लंगडून कसा चालेल, म्हणून तो लपवायचा. आणि त्याचा सहकारी चेस्टर झालेला डेनिस वीव्हर हा अस्सल धावपटू, डेकॅथलॉनवाला. त्याने भूमिकेला काही वेगळेपण हवं म्हणून एक पाय ताठ ठेवून चालायचं ठरवलं. म्हणजे धडधाकट माणूस लंगडतोय आणि लंगडा माणूस ताठ चालतोय, एकाच चौकटीत! यात कुठला कबुलीजबाब शोधणार?

दुपारचा_शो
चष्माताई, आर्नेसचं माहीत नव्हतं, जबरदस्त आहे. पण बघा हं, तुम्ही 'कबुलीजबाब नाही' म्हणून जे उदाहरण दिलंत त्यातही एक माणूस वीस वर्षं दुखऱ्या पायाने घोड्यावर चढतोय आणि आपल्याला पत्ता नाही.
मैल की दोनशे पावलं यावर मी अडून बसत नाही. घोडा पळाला आणि हात बांधलेले होते, एवढं पुरे.

पेठेतला_काउबॉय
तुम्हाला प्रत्येक गोष्टीत दुःखच सापडतं, त्याला आम्ही काय करणार.
'गुड, बॅड, अग्ली'तला पूल उडाला तो किस्साही आता शोकसभेत जमा करणार का? स्पेनमध्ये बुर्गोसजवळ आर्लान्झा नदीवर लष्कराच्या जवानांनी तो पूल बांधला होता. बदल्यात सुरुंगाचं बटण दाबायचा मान त्यांच्या कॅप्टनला. इटालियन कॅमेरावाला 'मी तयार' अशा अर्थाचं काही बोलला, ते स्पॅनिश कॅप्टनला 'सुरू करा' असं ऐकू आलं. पूल आकाशात, कॅमेरे बंद! कुणाला खरचटलंही नाही, आणि त्याच जवानांनी पूल पुन्हा बांधून दिला. भाषेच्या घोळावरचा असा विनोद लिहून सुचत नाही. शेवटच्या प्रसंगातलं ते पाचेक हजार थडग्यांचं स्मशानही त्यांनीच रचलं. इतक्या वर्षांनी तिथल्या हौशी लोकांनी गवताखालून ते पुन्हा खणून काढलं. प्रेम असतं हो, याला प्रेम म्हणतात.

रिळवाला
काउबॉय, कुणाला खरचटलं नाही म्हणून तो विनोद झाला. एखादा जवान पुलावर उभा असता तर तोच प्रसंग तुम्ही इथे लिहिला असता का?
माझा मुद्दा इथेच आहे. जो उरतो तो किस्सा सांगतो. फ्रेड केनेडीचं नाव किती जणांनी ऐकलंय? दिग्दर्शक जॉन फोर्डच्या सिनेमांतला जुना स्टंटवाला. 'द हॉर्स सोल्जर्स'च्या वेळी, डिसेंबर १९५८, लुइझियानात घोड्यावरून पडायचा एक साधा प्रसंग. आयुष्यभर करत आलेलं काम. यावेळी मान मोडली. गेला. फोर्ड इतका खचला की त्याने तिथलं काम आवरतं घेतलं आणि ठरवलेला विजयी शेवट चित्रित केलाच नाही. सिनेमा बघा, शेवट अर्धवट वाटतो. अनेक समीक्षकांनी नावं ठेवलीत त्याला. त्या अर्धवटपणाचं कारण केनेडी आहे.
हाच फोर्ड नटांना जाहीर पाणउतारा करून रडवायचा, आणि जॉन वेनपासून सगळ्यांनी त्याचे किस्से नंतर लाडाने सांगितले. म्हातारा असाच होता म्हणे. केनेडीने काय सांगितलं असतं कोण जाणे.

पेठेतला_काउबॉय
फोर्डने काम थांबवलं यातच तो माणूस काय होता ते दिसतं. निर्ढावलेला असता तर दुसऱ्या दिवशी दुसरा स्टंटवाला आणला असता.

कॉलटाइम_पाच
खूप दिवस वाचनमात्र होतो, आता राहवत नाही. मी एका ऐतिहासिक मराठी मालिकेवर चौथा-पाचवा सहाय्यक दिग्दर्शक होतो. (नाव विचारू नका, सांगणार नाही.) मावळ्यांची तुकडी चढावरून खाली येते असा शॉट. आदल्या रात्री पाऊस. फाइटमास्टर म्हणाले दुपारपर्यंत थांबा, वरून निरोप आला की आज एपिसोड द्यायचाय. दोन घोडे घसरले. एका ज्युनिअर आर्टिस्टचं कॉलरबोन मोडलं. त्याला गाडीत घालून पाठवलं आणि आम्ही अर्ध्या तासात पुढचा शॉट लावला.
रात्री पॅकअपनंतर आम्ही सगळे त्यावर हसत होतो. पडताना तो 'हर हर' म्हणाला आणि 'महादेव' खाली पोचल्यावर म्हणाला, म्हणून. तो स्वतःसुद्धा पुढच्या महिन्यात गळपट्टी घालून आला आणि हाच किस्सा अभिनयासकट करून दाखवला.
दुपारचा_शो, तुमचं चुकीचं नाही. पण आम्ही हसलो नसतो तर दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला कुणी आलं नसतं. वॉलक का हसतो ते मला कळतं. घरी बसून ऐकणाऱ्याने हसावं का, ते तुम्ही ठरवा.

खमंग_काकडी
पॉपकॉर्न खाली ठेवलं.

पेठेतला_काउबॉय
वातावरण फारच गंभीर झालं. आपल्या घरचा किस्सा सांगतो. 'शोले' म्हणजे आपला वेस्टर्नच, रेल्वेचा हल्ला आपल्या पनवेलजवळच घेतलाय. त्याच्या सेटवर धर्मेंद्रने वैतागून बंदुकीत खरी काडतुसं भरली आणि झाडली, गोळी अमिताभच्या कानाजवळून सूंऽऽ करत गेली. हे स्वतः बच्चनसाहेबांनी 'केबीसी'त सांगितलंय, प्रेक्षक टाळ्या वाजवत होते.

दुपारचा_शो
काउबॉय, खरं सांगा, लिहिताना तुमचंच बोट अडखळलं ना?
ऑक्टोबर २०२१, न्यू मेक्सिकोतलं बोनान्झा क्रीक रँच. कितीतरी वेस्टर्न जिथे झाले तीच जागा. 'रस्ट' या वेस्टर्नची तालीम चालू होती. खेळातली समजलेल्या बंदुकीत खरी गोळी निघाली आणि छायाचित्रणकार हलिना हचिन्स गेल्या. कान आणि गोळी यांत चार बोटांचं अंतर कमी-जास्त, एवढाच फरक.

चष्मा_शोधतेय
'रस्ट' तुमच्या बाजूचं उदाहरण नाही हो. तिथे नियम होते, शस्त्रं सांभाळायला स्वतंत्र माणूस नेमलेला होता, पुढे त्या व्यक्तीला शिक्षाही झाली. अपघाताच्या दिवशी सकाळीच कॅमेरा विभागातले काही जण तक्रारी करून काम सोडून गेले होते. म्हणजे 'तेव्हा अडाणी होते, आता शहाणे झालो' हे खोटं. घाई आणि काटकसर तेव्हाही होती, आताही आहे. म्हाताऱ्या नटांच्या आठवणींवर राग काढून काय साधणार? राग काढायचा तर निरोप पाठवणाऱ्या त्या 'वरच्यां'वर काढा, ज्यांचे किस्से कुणीच सांगत नाही.

मोतद्दार
+१. आणि कानात कापूस घाला.

पेठेतला_काउबॉय
मी तरीही हसणार. टुकोला हसलो नाही तर त्यालाच वाईट वाटेल.
बाकी भाच्याचं काय झालं? उठला का नाही अजून?

दुपारचा_शो
उठला. निदान पूल तरी बघ म्हणून तेवढाच भाग लावून दिला आणि कॅप्टनची गोष्ट सांगितली. (हो, रंगवून सांगितली. हसलाही.) मग म्हणतो, हा दुसरा पूल ना मामा, मला तो पहिला दाखव, चुकून उडला तो.