“काटा बराबर शे ना भाऊ?” मागच्या हंगामाचं देणं कसं फेडू?

कापूस_एरंडोल

प्रभूच्या नावाने सलाम. मी मूळचा नवापूर तालुक्यातला, मावची. आजोबांपासून आमचं घर ख्रिस्ती. लग्नानंतर कामासाठी एरंडोलकडे आलो. बायको अंगणवाडीत मदतनीस आहे. रविवारी आम्ही मोटरसायकलवर जळगावला मंडळीत, म्हणजे चर्चला जातो.

२०२४-२५ चा अख्खा हंगाम, दसऱ्यापासून होळीपर्यंत, मी एका कापूस व्यापाऱ्याच्या काट्यावर होतो. खेडा खरेदी. सकाळी टेम्पो घेऊन गावात जायचं, कापसात हात घालून ओल बघायची, भाव ठरला की हमाल गाठोडी काट्यावर ठेवणार, मी आकडा मोठ्याने वाचणार आणि वहीत लिहिणार. पगार महिना १३,०००.

टेम्पोत दोन काटे असायचे. एक सरकारी शिक्क्याचा, तो सीटच्या मागे कापडात गुंडाळलेला. दुसरा रोजचा. रोजच्या काट्यावर वीस किलोचं लोखंडी माप ठेवलं तर १९ किलो ६०० दाखवायचा, म्हणजे क्विंटलमागे दोन किलो. मला हे कुणी सांगितलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी हमाल चहाला गेले असताना मीच माप ठेवून बघितलं. आणि तरी होळीपर्यंत बसलो.

प्रत्येक शेतकरी एकच विचारायचा, “काटा बराबर शे ना भाऊ?” मी म्हणायचो, “शे.” दिवसातून सात-आठ वेळा. रात्री जेवणाआधी मुलीला जवळ घेऊन प्रार्थना करायचो. तुमचं बोलणं होय तर होय, नाही तर नाही असावं, हे प्रभूचं वचन मला शब्बाथ शाळेपासून पाठ आहे, लहानपणी त्याचं बक्षीसही मिळालंय. मनाची समजूत अशी घातली होती की काटा मालकाचा, फायदा मालकाचा, मी फक्त दिसेल तो आकडा वाचतो.

जानेवारीत एका गावात एकट्या राहणाऱ्या मावशींकडे गेलो. नवरा वारलेला, दीड एकर कोरडवाहू. काट्यावर भरला २ क्विंटल ४० किलो. त्यांनी आकड्याकडे बघितलंच नाही. हमाल म्हणाला, मावशी, बघून घ्या. तर म्हणाल्या, “तो येशूना माणूस शे, तो खोटं नई बोलस.” मी गावातल्या कुणाबरोबर पीत नाही, जेवणाआधी डोळे मिटतो, एवढ्यावरून त्यांनी मला ओळखलं होतं. पाच किलो मारले होते मी त्यांचे. पैसे मोजून हातात दिले आणि टेम्पोत येऊन बसलो. नंतर दोन महिने तेच काम केलं, हेही लिहितो, कारण ते लपवलं तर इथे विचारण्यात अर्थ नाही.

यंदा नवरात्रात मालकाचा फोन आला. मी नाही म्हटलं, का तेही सांगितलं. ते म्हणाले, तू नाही तर दुसरा बसेल. बसलाय. मी आता केळीच्या पिकअपवर ड्रायव्हर आहे.

कच्ची वही माझ्याकडेच राहिली. ४१ शेतकरी, सहाशे क्विंटलच्या आसपास माल. त्या वर्षी हमीभाव मध्यम धाग्याला ७,१२१ आणि लांब धाग्याला ७,५२१ रुपये क्विंटल होता, आम्ही शेतकऱ्याच्या घरून ६,८०० ते ७,००० ने उचलत होतो. ७,००० धरला तर मारलेला १२ क्विंटल कापूस ८४,००० रुपयांचा. तो सगळा मालकाकडे गेला. माझ्या हातात पगार आला, आणि शेवटी वेगळे ५,०००. त्यातले ५०० मी दशांश म्हणून मंडळीत दिले. ते ५०० मला सगळ्यात जास्त टोचतात.

बायबलमधल्या जक्कयाने लोकांचं लुबाडलेलं चौपट परत केलं. पण त्याने स्वतः खाल्लेलं होतं आणि तो श्रीमंत होता. माझं देणं किती? ५,००० की ८४,०००? सुरुवात कुणापासून करू? बायको म्हणते, आधी जाऊन सांग, पैशाचं नंतर बघू. मला त्या गावांत पाय ठेवायची भीती वाटते. कृपा करून नुसतं ‘प्रार्थना करतो’ लिहू नका.

भुसावळ_लोको

भाऊ, पगारी माणूस होतास. पाप मालकाचं. तू काम सोडलंस तिथे तुझा भाग संपला. गावात जाऊन सांगशील तर मार खाशील, वर मालक तुझ्यावरच चोरीचा आळ घेईल, वही तुझ्याकडे आहे म्हणून. पोरीचा विचार कर. देवाने माफ केलं असेल तर तू कशाला उकरतोस?

नंदुरबारची सिस्टर

मी ६३ वर्षांची, निवृत्त परिचारिका. वरच्या भावांचा मुद्दा मला पटत नाही, पण भीती खरी आहे, ती हसण्यावारी नेणार नाही.

बाळा, बायबलमधला गणना ५ उघडून वाच. ज्याने कुणाचं नुकसान केलं त्याने आधी ते कबूल करावं, मग पूर्ण भरपाई द्यावी आणि वर पाचवा हिस्सा द्यावा, असं तिथे आहे. हा क्रम तुझ्या बायकोला न वाचता कळला, तिचं ऐक. मावशींचे पाच किलो म्हणजे ३५०, पाचवा हिस्सा ७०, एकूण ४२०. एवढे तुझ्याकडे आज आहेत. मग ८४,००० चा आकडा समोर ठेवून का बसला आहेस? मला वाटतं तो आकडा तुला घरातून निघू देत नाही.

मी वॉर्डात होते तेव्हा एकदा रात्रपाळीत शेजारच्या पेशंटला द्यायचं औषध चुकून एका बाईला दिलं. काही झालं नाही तिला. सकाळी मी डॉक्टरांना सांगितलं, पण त्या बाईला नाही सांगितलं. त्यांचं गाव मला माहीत होतं, बसने एक तास. गेले नाही. पुढच्या वर्षी त्या वारल्या, दुसऱ्याच आजाराने. आता कुठे जाऊ? तू जाऊ शकतोस, म्हणून लिहिते.

बायकोला बरोबर ने. बाईमाणूस असलं की दारातच भांडण पेटत नाही.

रावेर_केळीवाला

मी ख्रिस्ती नाही, लेवा पाटील आहे. शोधत होतो कापसाची ओल, इथे आलो. पण आम्हा शेतकऱ्यांचं बोलणं चाललंय, म्हणून लिहितो. राग येऊ देऊ नका.

भो, तुमचं वाचून आधी डोकं फिरलं. आमच्याकडे केळीत कटतीवरून दर वर्षी भांडणं होतात, कापसात काटा मारतात हे सगळ्यांना माहीत असतं, पण काट्यावर बसलेला माणूस स्वतः येऊन सांगतो हे मी पहिल्यांदा बघतोय. म्हणून बसून पूर्ण वाचलं.

तुमच्या ४२० रुपयांनी मावशींचं यंदाचं नुकसान थांबत नाही. त्याच काट्यावर आत्ता दुसरा बसलाय, वेचणी सुरू आहे. तुम्ही बसून किती द्यायचं याचा हिशेब करताय तोवर रोज क्विंटलला दोन किलो जातच आहेत. मी त्या ४१ मधला असतो तर आधी म्हटलं असतं, आज सांग.

शेतकऱ्याला काटा तपासायची साधी रीत सांगा. युरियाची न फोडलेली गोणी काट्यावर ठेवायची. आत ४५ किलो असतात, वर रिकाम्या गोणीचं थोडं. काटा ४४ च्या आसपास दाखवायला लागला की टेम्पो परत पाठवायचा. आमच्या गल्लीत आम्ही चार घरं मिळून हेच करतो. दुसरं, इलेक्ट्रॉनिक काट्याची दर वर्षी वैधमापन विभागाकडून पडताळणी लागते, त्यावर शिक्का असतो आणि प्रमाणपत्र असतं. ते मागायचा शेतकऱ्याला हक्क आहे. काट्यात फेरफार हा २००९ च्या वैधमापन कायद्याने गुन्हा आहे. तक्रार तुम्ही करा असं मी म्हणत नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा, पण सीटमागच्या दुसऱ्या काट्याची गोष्ट फक्त तुम्हाला माहीत आहे.

आणि लोक घरून का विकतात तेही लक्षात ठेवा. सीसीआयकडे, म्हणजे हमीभावाने घेणाऱ्या सरकारी कापूस महामंडळाकडे न्यायचं तर नोंदणी, कागद, भाड्याची गाडी, आणि ओल १२ टक्क्यांच्या वर गेली की माल परत. ८ च्या वर असेल तर पैसे कापतात. मजुराला आठवड्याला पैसे द्यायचे असतात, मावशी कुठे थांबणार? दारात आलेल्या माणसावर भरवसा ठेवण्याशिवाय त्यांना इलाज नसतो. तुम्ही मारलंत ते त्या भरवशात.

पाळक, धुळे जिल्हा

रावेरच्या दादांचे आभार. मी आज रविवारच्या संदेशाची तयारी करत होतो, ती बाजूला ठेवून हे दोनदा वाचलं.

भाऊ, दोनच गोष्टी. वेदीपाशी अर्पण आणलं आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेवून आधी भावाकडे जा, असं प्रभूने सांगितलं. तुझ्या ५०० रुपयांचं तेच आहे. तुझ्या पाळकांशी मोकळेपणाने बोल. मी त्यांच्या जागी असतो तर ते पैसे मावशींच्या गावाच्या वाटेला लावले असते.

दुसरी गोष्ट जरा कडक आहे. याची मंडळीत साक्ष देऊ नकोस, निदान आत्ता नको. आम्हाला सवय आहे, माणूस पुढे येतो, रडतो, सगळे आमेन म्हणतात, आणि तो हलका होऊन घरी जातो. ज्यांचा कापूस गेला त्यांतला एकही त्या बाकावर बसलेला नसतो. आधी ४१ दारं.

८४,००० बद्दल: कायद्याने ते मालकाचं देणं आहे असं मला वाटतं. पण “शे” तू म्हणालास, त्या शब्दाचं देणं तुझं आहे, आणि ते ५,००० तर नक्कीच तुझे नाहीत.

भुसावळ_लोको

पाळकसाहेब, वही मालकाने मागितली तर? ते कुणी बोलत नाही.

पाळक, धुळे जिल्हा

बरोबर विचारलंत. वहीच्या पानांचे फोटो काढून ठेव भाऊ, आणि मूळ वही मालकाला हातात नेऊन दे. चोरीचं बोट दाखवायला जागा ठेवू नकोस. मंडळीतला एखादा वडील माणूस सोबत घे.

कापूस_एरंडोल

उशीर झाला लिहायला, सात दिवस गाडी बऱ्हाणपूर मार्गावर होती.

वही परत दिली. मालक काही बोलले नाहीत, पानं चाळली आणि गल्ल्यात टाकली.

गुरुवारी बायकोला घेऊन मावशींकडे गेलो. त्या अंगणात पऱ्हाट्या रचत होत्या. मी उभ्यानेच सांगितलं, दोन काटे, पाच किलो, सगळं. मला वाटलं होतं रडतील किंवा माफ करतील. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “मंग तवय काबर नई सांगं?” तेव्हाच का नाही सांगितलं, याचं माझ्याकडे उत्तर नव्हतं. बायकोने ४२० त्यांच्या हातात ठेवले. त्यांनी मोजले, पदराला बांधले. चहा विचारला नाही.

मी युरियाच्या गोणीचं सांगितलं. त्यांच्या घरात अर्धी गोणी होती, फोडलेली. त्या उठून शेजारी दिराकडे गेल्या, न फोडलेली आहे का विचारायला. दीर बाहेर आले. त्यांचं नाव माझ्या वहीत होतं, ११ क्विंटल. मावशींनी माझ्याकडे बघून विचारलं, “यास्ना कितला व्हतस?”

मी फोन काढला आणि पान शोधायला लागलो.