हिवाळ्यातली फळे बाजारात पारखून कशी घ्यावीत?

कोकणातून_पुण्यात (प्रश्न)

माझे बालपण रत्नागिरी जिल्ह्यात गेले, त्यामुळे आंबा, फणस आणि कोकम यांची पारख घरातच शिकायला मिळाली. नोकरीनिमित्त पुण्यात आल्यावर मात्र हिवाळ्यातल्या फळांपुढे मी अगदीच नवखा ठरलो आहे. हातगाडीवर दोन वेगळ्या रूपांची संत्री शेजारीशेजारी रचलेली असतात आणि विक्रेता दोन्हींना नागपुरीच म्हणतो. घरी सोलल्यावर एकात मोजक्या बिया निघतात, तर दुसऱ्यात इतक्या, की मुले खायलाच कंटाळतात. डाळिंब बाहेरून लालबुंद दिसते आणि आतले दाणे फिके निघतात. पेरू कडक घ्यावा की मऊ, हे ठरवता येत नाही. डिसेंबरातच द्राक्षे दिसू लागली आहेत, ती घ्यावीत का, हाही प्रश्न आहे. प्रत्येक फळाची वेगळी युक्ती सांगितलीत तरी चालेल, परंतु या सगळ्यांमागे एखादे सामाईक तत्त्व असेल तर ते समजून घेण्याची माझी अधिक इच्छा आहे.

बागायतशास्त्र

आपण आंब्याच्या प्रदेशातून आला आहात, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. तयार झालेला आंबा कच्चा उतरवला तरी आढीत पिकतो, कारण त्याच्यात साठलेल्या पिष्टाची साखर झाडावरून उतरवल्यानंतरही होत राहते. पेरू, चिकू, सीताफळ, पपई आणि केळे ही फळे याच जातीची आहेत. संत्र्याला आढी नसते. संत्रे, मोसंबी, द्राक्ष, डाळिंब आणि स्ट्रॉबेरी ही फळे देठापासून सुटली त्या क्षणी जितकी गोड असतील, त्याहून अधिक गोड ती घरात कधीच होत नाहीत. फार तर पाणी उडून सुकतात किंवा सडतात. आपण विचारलेले सामाईक तत्त्व हेच आहे. पहिल्या गटातले फळ घेताना ते पुरेसे भरलेले आहे का एवढेच पाहावे, कारण पिकण्याचे काम घरी होऊ शकते. दुसऱ्या गटातले फळ मात्र हातात घेतले त्याच वेळी खाण्याजोगे असले पाहिजे. ‘दोन दिवस ठेवा, गोड होईल’ असे कोणी द्राक्षाबद्दल सांगू लागले, तर त्या गाडीवरून पुढे जावे हे उत्तम.

डाळिंबाबद्दल. सध्या आपल्याकडे बहुतेक ठिकाणी ‘भगवा’ हे वाण मिळते आणि त्याच्या सालीचा लाल रंग पक्वतेची खात्री देत नाही. त्याऐवजी आकार पाहावा. दाणे रसाने फुगले की ते सालीला आतून रेटतात आणि गोल गरगरीत फळाला हलके पैलू पडतात. पूर्ण गोल, गुळगुळीत आणि चकाकणारे फळ बहुधा लवकर तोडलेले असते. सारख्या आकाराची दोन फळे दोन हातांत घेऊन जे जड लागेल ते निवडावे, कारण डाळिंबातले वजन हे रसाचेच असते. सालीवरच्या उन्हाच्या खुणा आणि वरवरचे खरखरीत डाग यांनी दाण्यांचे काही बिघडत नाही, उलट अशी फळे स्वस्त मिळतात. मात्र तडा, बारीक छिद्र किंवा बोटाखाली दबणारी काळपट जागा दिसली तर ते फळ नको, कारण आत कूज शिरलेली असू शकते. दाण्यांचा रंग हवामानावरही अवलंबून असतो. थंडीत पक्व होणाऱ्या फळाचे दाणे कडक उन्हाळ्यात तयार झालेल्या फळापेक्षा सामान्यतः अधिक गडद असतात. म्हणजे फिक्या दाण्यांचा सगळा दोष विक्रेत्याच्या माथी मारता येणार नाही.

वरुडची_संत्री

मी मूळचा वरुडचा, म्हणजे विदर्भातल्या संत्र्यांच्या पट्ट्यातला असल्यामुळे संत्र्याच्या प्रश्नाचे उत्तर देणे हे कर्तव्यच समजतो. आपल्याला जास्त बियांचे जे फळ मिळाले ते नागपुरी नसून किन्नू असणार. किन्नू हा कॅलिफोर्नियात दोन जातींच्या संकरातून तयार केलेला आणि १९३५ मध्ये प्रसारित झालेला प्रकार असून पंजाबात अबोहर-फाजिल्का पट्ट्यात आणि राजस्थानातील श्रीगंगानगर भागात त्याच्या मोठ्या बागा आहेत. डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात तो देशभर जातो. त्याची साल गुळगुळीत, चमकदार आणि फोडींना घट्ट चिकटलेली असते, आकार दोन्ही टोकांना चपटा असतो आणि रंग एकसारखा गडद केशरी असतो. नागपुरी संत्र्याची साल सैल असते, ती किंचित खडबडीत दिसते, आणि अनेक फळांना देठापाशी मानेसारखा उंचवटा असतो, ज्यातून सालीवर उभ्या रेषा उतरलेल्या असतात. किन्नूला मी नावे ठेवत नाही. त्याला रस भरपूर असतो आणि रस काढण्यासाठी तो चांगलाच आहे. फक्त तो त्याच्या स्वतःच्या नावाने विकला जावा, एवढीच अपेक्षा आहे.

आता हे लक्षात घ्यावे, की नागपुरी संत्र्याचेही वर्षात दोन बहार असतात. अंबिया बहाराची फुले जानेवारी-फेब्रुवारीत येतात आणि फळे साधारण ऑक्टोबरपासून डिसेंबरअखेरपर्यंत उतरतात. मृग बहाराची फुले जून-जुलैत, पावसाच्या सुरुवातीला येतात आणि फळे फेब्रुवारी-मार्चमध्ये बाजारात येतात. अंबियाला किंचित आंबट धार असते, तर मृगाचे फळ अधिक गोड मानले जाते. म्हणून नोव्हेंबरात संत्रे आंबट निघाले, तर लगेच फसवणूक झाली असे मानू नये. ते त्या बहाराचे लक्षण आहे. ज्यांना केवळ गोडच फळ हवे असेल त्यांनी थोडा धीर धरून फेब्रुवारीत खरेदी करावी.

रंगाविषयीही पुष्कळ गैरसमज आहेत. सालीतले हरितद्रव्य जाऊन केशरी रंग चढण्यासाठी रात्री थंड असाव्या लागतात. त्यामुळे थंडी पडण्याआधी तोडलेले संत्रे बाहेरून हिरवट असूनही आतून पूर्ण तयार असू शकते, आणि आमच्या भागातले लोक अशी फळे निःशंकपणे घेतात. खरी परीक्षा वजनाची आणि सालीची. साल सैल असावी, परंतु अंगठ्याने हलके दाबल्यावर ती आत पोकळीत जात असेल आणि फळ आकाराच्या मानाने हलके वाटत असेल, तर ते झाडावर फार दिवस राहिलेले आहे आणि त्याच्या फोडी कोरड्या निघणार. फार मोठ्या फळांत हा दोष अधिक आढळतो, म्हणून मध्यम आकाराचे घ्यावे. देठाची जागा हिरवट आणि ताजी असेल तर उत्तम. तिथे काळी पडलेली किंवा मऊ जागा असेल तर कूज तिथूनच सुरू होते.

पुरंदरचा_बागायतदार

वर ‘बागायतशास्त्र’ यांनी केलेली विभागणी योग्य आहे, पण आमच्या अंजिराला ती नीट लागू पडत नाही. अंजीर तोडल्यावर मऊ होते, म्हणून ते पिकले असे वाटते, परंतु त्याची गोडी वाढत नाही. तेव्हा ते खरेदीपुरते संत्र्याच्याच रांगेत धरावे. पुरंदर तालुक्यातल्या अंजिराला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, आणि तेव्हापासून सासवडच्या रस्त्याने जाणारी मंडळी कोणत्याही महिन्यात उत्तम अंजिराची अपेक्षा करू लागली आहेत. वस्तुस्थिती अशी, की डिसेंबर-जानेवारीत येणारे फळ खट्टा बहाराचे असते आणि नावाप्रमाणेच ते कमी गोड असते. मीठा बहार उन्हाळ्याच्या तोंडाशी, मार्चपासून पुढे येतो. हिवाळ्यात अंजीर घ्यायचेच असेल, तर मान झुकलेले, सालीवर बारीक चिरा पडू लागलेले आणि बोटाला मऊ लागणारे फळ घ्यावे व त्याच दिवशी संपवावे. आंबूस वास येत असेल तर ते आंबायला लागले आहे.

सीताफळाचा हंगाम डिसेंबरात संपत आलेला असतो. थंडी वाढल्यानंतर झाडावर मागे राहिलेली पुष्कळ फळे काळवंडतात आणि दगडासारखी टणक राहतात. ती कितीही दिवस ठेवली तरी पिकत नाहीत. त्यामुळे या दिवसांत दोन डोळ्यांमधल्या खाचा रुंदावून पिवळसर झालेल्या आहेत का, हे पाहिल्याशिवाय सीताफळ घेऊ नये. कच्चे फळ फ्रिजमध्ये तर मुळीच ठेवू नये, कारण थंडाव्यात त्याचे पिकणे थांबते आणि साल काळी पडते.

पेरूला मात्र हेच दिवस खरे मानवतात. पेरूचे पावसाळी फळ पाणचट असते आणि त्यात फळमाशीचा उपद्रव फार. जून-जुलैत फुललेल्या मृग बहाराचे फळ नोव्हेंबर ते जानेवारीत येते, तेव्हा माशीही कमी असते आणि गोडीही भरते. बाजारात ‘सरदार’ किंवा ‘लखनौ ४९’ या नावाने जो पांढऱ्या गराचा, किंचित ओबडधोबड पेरू मिळतो, त्याची निवड १९२७ साली पुण्यातच, गणेशखिंडीच्या फळसंशोधन केंद्रात झाली होती. पुण्यात राहायला आलेल्या माणसाने तो मुद्दाम चाखावा. गडद हिरवा रंग जाऊन फिकट, पिवळसर झाक आलेली असावी आणि नाकाजवळ नेल्यावर वास यावा. कडक की मऊ, या प्रश्नाचे उत्तर आपण तो कधी खाणार यावर आहे. आजच खायचा असेल तर बोटाला किंचित दबणारा, आणि तीन-चार दिवसांसाठी हवा असेल तर रंग बदलू लागलेला पण कडक. सालीवर टाचणी टोचल्यासारखी खूण आणि तिच्याभोवती मऊ तपकिरी वर्तुळ दिसले, तर आत अळी आहे असे समजावे. जाळीच्या वेष्टनातले मोठे थाई पेरू बरेच दिवस टिकतात आणि कापायला बरे पडतात, पण वासाच्या बाबतीत ते सरदारच्या जवळपासही येत नाहीत, असे माझे स्पष्ट मत आहे.

मंडईची_नित्य_गिऱ्हाईक

सर्वांनी फळांबद्दल सविस्तर लिहिले आहे, म्हणून मी विकत घेण्याच्या पद्धतीविषयी थोडे सांगते. रचलेल्या ढिगाच्या दर्शनी बाजूला नेहमीच चांगली फळे असतात आणि विक्रेता पिशवीत भरतो ती बहुतेक मागच्या बाजूची. त्यामुळे स्वतः निवडू देणाऱ्या गाडीवर किलोमागे पाच-दहा रुपये जास्त पडले तरी तो व्यवहार स्वस्तच ठरतो. एक फळ कापून किंवा सोलून दाखवण्याची विनंती करण्यात संकोच करू नये. ज्यांचा माल चांगला आहे ते आनंदाने दाखवतात.

चिकूचा उल्लेख कोणी केला नाही. चिकूवर नखाने हलकी रेघ ओढावी. सालीखाली हिरवे दिसले तर फळ कोवळे तोडलेले आहे आणि ते पिकले तरी चिकट, तुरट लागेल. पिवळसर दिसले तर निर्धास्तपणे घ्यावे. बोरे संक्रांतीच्या आधी आठ दिवस घेतलेली बरी, कारण सुगडांसाठी आणि बोरनहाणासाठी मागणी वाढली की भावही चढतो आणि निवडायलाही मिळत नाही. आकाराने मोठी हिरवी अ‍ॅपल बोरे दिसायला देखणी असली, तरी बोराची खरी आंबटगोड चव ज्यांना हवी आहे त्यांनी जळगावच्या मेहरूणची लहान बोरे मिळतात का ते पाहावे.

कोकणातून_पुण्यात

सर्वांचे मनापासून आभार. आढी असलेली आणि नसलेली फळे ही विभागणी माझ्या डोक्यात पक्की बसली. द्राक्षे आणि स्ट्रॉबेरी या दोन फळांविषयी कोणी लिहिले तर माझी यादी पूर्ण होईल.

निफाडचा_द्राक्षवाला

द्राक्षाचे वेळापत्रक छाटणीवरून ठरते. नाशिक जिल्ह्यात बहुतांश बागांची गोडी छाटणी (फळे धरण्यासाठीची छाटणी) सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरात होते आणि त्यानंतर सुमारे चार महिन्यांनी माल तयार होतो, म्हणजे मुख्य हंगाम जानेवारीच्या अखेरीस सुरू होऊन एप्रिलपर्यंत चालतो. डिसेंबरात दिसणारी द्राक्षे बागलाणसारख्या भागातल्या आगाप छाटणीची असतात. चढ्या भावाच्या आशेने त्यांतला काही माल गोडी पुरती भरण्याआधीच उतरवला जातो, आणि वर सांगितल्याप्रमाणे तो नंतर सुधारत नाही. मणी मोठा म्हणजे गोड, हा समजही सोडून द्यावा, कारण मण्याचा आकार संजीवकांच्या (वाढ घडवणाऱ्या द्रव्यांच्या) फवारणीने वाढवता येतो. हिरव्या जातींमध्ये उजेडाकडे धरल्यावर मण्यात मधाळ पिवळी झाक दिसली पाहिजे. चव पाहायची असेल तर घडाच्या खालच्या टोकाचा मणी खावा. वरचे मणी आधी गोड होतात आणि टोकाचा शेवटी, म्हणून तो गोड असेल तर पूर्ण घड गोड असतो. देठ हिरवा असावा. तपकिरी, वाळलेला देठ आणि घड हलवताच गळणारे मणी म्हणजे शिळा माल. मण्यांवरची पांढुरकी, पुसता येणारी साय हा सालीचा नैसर्गिक मेणाचा थर असतो, त्यामुळे तो दिसला म्हणून घाबरू नये. तरीही द्राक्षे खाण्यापूर्वी वाहत्या पाण्याखाली नीट धुवावीतच, कारण फवारणीचे अंश डोळ्यांना दिसत नाहीत.

स्ट्रॉबेरीचे मोजकेच सांगतो, कारण ते माझे पीक नाही. महाबळेश्वर, पाचगणी आणि वाई परिसरातला माल नोव्हेंबरअखेरीस येऊ लागतो आणि एप्रिलपर्यंत मिळतो. डबा उलटा करून तळ पाहावा. तळाशी रस सुटलेला असेल तर खालची फळे चेपलेली आहेत. देठाजवळ पांढरी राहिलेली फळे तशीच राहतात. घरी आणल्यावर फळे न धुता डबा फ्रिजमध्ये ठेवावा आणि खाण्याच्या वेळी, हिरवा देठ न काढता, फळे धुऊन घ्यावीत. आधी देठ काढला तर पाणी आत शिरते आणि चव पाणचट होते.

कोकणातून_पुण्यात

धन्यवाद. द्राक्षे फेब्रुवारीपर्यंत थांबवतो आणि या रविवारी सरदार पेरू, डाळिंब आणि अंबियाची मध्यम आकाराची संत्री एवढीच खरेदी करतो.