शब्दचर्चा : 'प्रिडेस्टिनेशन'ला मराठीत काय म्हणावे? 'प्रारब्ध' चालेल का?

पानगळ :
मंडळी, मदत हवी आहे. सतराव्या शतकातल्या नेदरलँड्सच्या इतिहासावरच्या एका पुस्तकाचा अनुवाद करते आहे. त्यात डॉर्डरेख्त शहरात १६१८-१९ मध्ये भरलेल्या धर्मसभेवर एक मोठे प्रकरण आहे. 'प्रिडेस्टिनेशन' (कुणाला तारायचे हे देवाने आधीच ठरवले आहे, हे मत) हा शब्द पानापानावर येतो. मी 'पूर्वनियोजन' लिहिले होते. संपादकांनी ते खोडून 'प्रारब्धवाद' केले आणि समासात लिहिले, 'वाचकाला लगेच कळेल.' कळेल हे खरे, पण जे कळेल ते बरोबर असेल का? शिवाय त्याच्या जोडीला सतत येणाऱ्या 'फ्री विल'चे काय करायचे? 'मुक्त इच्छा' वाचताना दाताखाली खडा येतो.

टीपकागद :
'पूर्वनियोजन' गेले ते बरेच झाले. 'पूर्वनियोजित' म्हटले की पुढे 'कट' आलाच पाहिजे. पंचनाम्यातला शब्द आहे तो. 'विधिलिखित' घ्या की! सटवाई सहाव्या रात्री येऊन कपाळावर लिहून जाते, ते पुसता येत नाही. आणखी काय वेगळे असते यात?

नगरकर :
बरेच वेगळे असते. लिहितो सविस्तर, कारण आमच्या घरात तीन पिढ्या शब्बाथशाळा (चर्चची रविवारची धर्मशिक्षणाची शाळा) झालेली आहे आणि हा प्रश्न मला लहानपणापासून छळतो.

आधी मूळ शब्द. नव्या करारात ग्रीक क्रियापद आहे 'प्रोओरिझो'. 'प्रो' म्हणजे आधी, 'होरिझो' म्हणजे हद्द आखणे, ठरवून देणे. (इंग्रजीतले 'होरायझन' याच कुळातले.) सगळ्या नव्या करारात ते फक्त सहा वेळा येते. एकदा प्रेषितांच्या कृत्यांत, दोनदा रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात, एकदा करिंथकरांस पहिल्या पत्रात आणि दोनदा इफिसकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायात. मराठी शास्त्रात (म्हणजे बायबलात) रोमकरांसच्या त्या ठिकाणी 'आगाऊ नेमून ठेवले' असे आहे. मला ते फार आवडते. 'नेमणे' म्हटले की नेमणारा कोणीतरी लागतो. 'नियती'ला तसा कोणी लागत नाही, ती आपोआप चालते. म्हणून 'पूर्वनियती'ही नको. ही पत्रे लिहिणाऱ्या पौलाच्या वाक्यात कर्ता देव आहे आणि कर्म माणसे. तो कर्ता मराठीत हरवू देऊ नका. 'पूर्वनेमणूक' म्हणा.

आता 'विधिलिखित'. सटवाई काय लिहिते? आयुष्य किती, लग्न कुणाशी, मरण कशाने. पौलाच्या त्या पाच जागांत यातले काही नाही. तिथे विषय आहे तारणाचा, म्हणजे पापातून सुटकेचा : देवाने कुणाला आपले म्हणून निवडले, आणि कशासाठी. माझी बस चुकणार हे आधीच ठरले होते का, हा प्रश्न त्या वाक्यांतून निघत नाही. नंतरच्या धर्मशास्त्रात देवाच्या सर्वव्यापी ठरावाची चर्चा आहे, पण तिला वेगळे नाव आहे. तुमच्या डॉर्डरेख्तच्या सभेत भांडण झाले ते तारणावरून.

खडूनिशी :
नगरकर, 'प्रारब्धा'बद्दल तुम्ही काहीच बोलला नाहीत. मूळ प्रश्न तोच आहे, म्हणून मी बोलतो. (तत्त्वज्ञान शिकवायचो, आता निवृत्त.)

प्रारब्ध म्हणजे संचितातला जो भाग फळ द्यायला लागला आहे तो. ते संचित कुणाचे? माझेच. मी केलेल्या कर्माचे. म्हणजे आज माझ्यावर जे लादले गेल्यासारखे वाटते त्याचे मूळ शेवटी माझ्यापाशीच जाते. रोमकरांसच्या नवव्या अध्यायात पौल नेमके याच्या उलट टोकाला उभा आहे. याकोब आणि एसाव ही जुळी मुले. ती जन्मली नव्हती, त्यांनी बरे-वाईट काही केलेले नव्हते, तेव्हाच देवाने एकाला निवडले. का? त्यांच्यातल्या कशामुळेही नव्हे, हेच पौलाला सांगायचे आहे. 'प्रारब्ध' लिहिले की मराठी वाचक म्हणणार, 'असेल एसावाचे मागच्या जन्मीचे काहीतरी.' आणि हिशेब मिटला! ज्या मुद्द्यापायी चारशे वर्षे माणसे भांडली तो मुद्दाच या एका शब्दाने नाहीसा होतो. संपादकांना माझा नमस्कार सांगा आणि हे कळवा.

टीपकागद :
पण सर, आपल्याकडेही कृपेचा पक्ष आहेच ना? मर्कटन्याय आणि मार्जारन्याय. माकडाचे पिल्लू आईला स्वतः घट्ट धरते, मांजरीचे पिल्लू काहीच करत नाही, आई मानगुटीला धरून उचलते. श्रीवैष्णवांत यावरून वडकलै (माकडवाले) आणि तेंकलै (मांजरवाले) असे दोन पंथ पडले. पूर्वनेमणुकीचा मोठा पुरस्कर्ता, सोळाव्या शतकातला प्रोटेस्टंट सुधारक कॅल्विन म्हणजे मांजरवाला, झाले.

खडूनिशी :
अर्धे जमते. तारणात माणसाचा वाटा किती, या प्रश्नापुरता दृष्टान्त चपखल बसतो. कॅल्विनचा पुढचा प्रश्न मात्र असा की मांजरीने या पिल्लाला उचलले आणि शेजारच्याला का नाही? तेंकलैंचा भर त्या बाजूला नाही, आईच्या ममतेवर आहे. भारतात त्या प्रश्नाच्या सर्वांत जवळ जातात ते मध्वाचार्य : काही जीव मुक्तियोग्य, काही नित्यसंसारी (कायम जन्ममरणात फिरणारे), काही तमोयोग्य (कायमच्या अंधारात जाणारे). अनेकांनी मध्व आणि कॅल्विन यांची तुलना केली आहे. पण मध्वांच्या मते जीवाजीवांत हा भेद त्यांच्या अनादी स्वरूपातच आहे. म्हणजे कारण पुन्हा जीवातच सापडते. कॅल्विन म्हणतो, सगळे एकाच पतित अवस्थेतले, सारखेच दोषी. फरक केला तो देवाने, आणि का केला ते विचारू नका.

त्याला स्वतःलाही हे जड गेले असावे. 'इन्स्टिट्यूट्स' या आपल्या ग्रंथाच्या तिसऱ्या भागात तो या ठरावाला 'देक्रेतुम होरिबिले' म्हणतो आणि लगेच 'मी कबूल करतो' असे जोडतो. इंग्रजीमार्गे येणारे लोक त्याचे 'भयानक फर्मान' करतात, म्हणजे कॅल्विननेच आपल्या सिद्धान्ताला शिवी दिली असे वाटते. लॅटिन 'होरिबिले'त थरकाप आहे, अंगावर काटा आहे. किळस किंवा निषेध त्यात वाचू नये. तुमच्या पुस्तकात हे वाक्य आले असेल तर 'थरकाप उडवणारा ठराव' करा.

वसईचा वारा :
आम्हा कॅथलिकांना विसरू नका हो! हा वाद फक्त प्रोटेस्टंटांचा नाही. १५८८ मध्ये मोलिना नावाच्या स्पॅनिश जेझुइटाने (जेझुइट आणि डोमिनिकन हे आमचे दोन धर्मसंघ) पुस्तक काढले : अमुक परिस्थितीत अमुक माणूस आपखुशीने काय करील हे देव आधीच जाणतो, आणि त्यानुसार कृपा देतो. म्हणजे देवाची योजनाही शाबूत आणि माणसाचा निर्णयही. डोमिनिकन खवळले. ते जेझुइटांना पेलागियसचे (माणसाच्या स्वतःच्या बळावर भर देणाऱ्या जुन्या पंथप्रमुखाचे) वारस म्हणायचे, जेझुइट त्यांना कॅल्विनचे. रोममध्ये वर्षानुवर्षे सुनावण्या झाल्या. १६०७ मध्ये पोप पाचव्या पॉलने काय निकाल दिला? काहीच नाही! दोघांनी आपापले मत ठेवावे, एकमेकांना दूषणे देऊ नयेत. मला तो चर्चच्या इतिहासातला अत्यंत शहाणा 'निकाल' वाटतो.

याच काळात गोव्यात फादर स्टीफन्स होते, तेही जेझुइटच. १५७९ ला आले आणि १६१६ मध्ये, म्हणजे डॉर्डरेख्तच्या सभेच्या दोनच वर्षे आधी, त्यांचे ख्रिस्तपुराण छापले गेले. सहज आठवले म्हणून सांगितले.

पानगळ :
इतके मिळेल असे वाटले नव्हते! 'प्रारब्ध' बाद. संपादकांना एसावाचे उदाहरणच पाठवते. आता दुसरा शब्द. 'फ्री विल'?

खडूनिशी :
तत्त्वज्ञानाच्या मराठी लेखनात 'इच्छास्वातंत्र्य' आणि 'संकल्पस्वातंत्र्य' असे दोन्ही चालतात. 'स्वेच्छा' नको, तिच्या मागोमाग निवृत्ती येते. तुम्हाला लॅटिन माहीत असलेले बरे : वादातला शब्द 'लिबेरुम आर्बित्रियुम' आहे. 'आर्बित्रियुम' म्हणजे निवाडा, निर्णयाचा अधिकार. इच्छेला 'वोलुन्तास' हा वेगळा शब्द आहे. १५२४ मध्ये डच विद्वान इरॅस्मसने याच नावाचे पुस्तक लिहिले आणि पुढच्या वर्षी प्रोटेस्टंट चळवळीचा जनक ल्यूथर याने उत्तर दिले, 'दे सेर्वो आर्बित्रियो'. 'सेर्वो' म्हणजे गुलाम. तिथे मी 'बद्ध इच्छा' म्हणेन. बद्ध, मुमुक्षू, साधक, सिद्ध हा क्रम दासबोधामुळे आपल्या कानाला ओळखीचा आहे, आणि इथे त्या ओळखीने अर्थ बिघडत नाही.

टीपकागद :
म्हणजे ल्यूथरच्या मते मी चहा घ्यावा की कॉफी हेही देवच ठरवतो?

नगरकर :
चहा-कॉफीपुरते, गाय-बैल-घर-पैसा यांपुरते माणसाला निर्णय करता येतो असे बोलायला ल्यूथर तयार होता, अर्थात वर देव आहेच. त्याचे म्हणणे असे की पापात पडलेला माणूस स्वतःच्या बळावर देवाकडे वळू शकत नाही. हे चर्चचा जुना धर्मपंडित ऑगस्टीन याच्यापासून (३५४–४३०) चालत आलेले आहे. त्याच्या विरुद्ध पेलागियस म्हणे, देवाने आज्ञा दिली त्या अर्थी ती पाळण्याची ताकदही माणसात असलीच पाहिजे. ४१८ मध्ये कार्थेजच्या सभेने पेलागियसपंथाला दोषी ठरवले. ५२९ मध्ये ऑरेंजच्या सभेनेही कृपा आधी, हे ऑगस्टीनचेच मत उचलून धरले, पण देवाने कुणाला पापासाठी नेमले असे म्हणणाऱ्यांचा धिक्कार केला.

पानगळताई, आता तुमच्या प्रकरणासाठी एक सावधगिरी. पुस्तकांत सरसकट लिहितात की डॉर्डरेख्तला एका बाजूला 'पूर्वनेमणूकवाले' आणि दुसऱ्या बाजूला 'इच्छास्वातंत्र्यवाले' होते. ते तितकेसे खरे नाही. दुसऱ्या बाजूचा मूळ धर्मपंडित आर्मिनियस सभेच्या आधीच, १६०९ मध्ये वारला. त्याच्या अनुयायांनी १६१० मध्ये जी पाच कलमे मांडली त्यांतले तिसरे कलम सरळ सांगते की माणसाला तारक विश्वास आपल्या इच्छाशक्तीने मिळवता येत नाही, कृपा लागतेच. हे तर ल्यूथरही म्हणेल. फरक होता दोन-तीन गोष्टींत. कृपा नाकारता येते का? ते म्हणाले, येते. आणि देवाने निवडले ते कोण विश्वास ठेवील हे आधी जाणून, की असे काही न पाहता? सभेने ठरवले, काही न पाहता. 'पूर्वज्ञान' आणि 'पूर्वनेमणूक' हे दोन शब्द तुमच्या अनुवादात कुठेही एकमेकांच्या जागी जाता कामा नयेत, कारण भांडणच त्या दोहोंतल्या क्रमावर आहे.

अर्थात त्यात राजकारणही भरपूर होते. आर्मिनियसच्या बाजूचा मुत्सद्दी ओल्डेनबार्नेवेल्ट याचे मे १६१९ मध्ये हेगमध्ये डोके उडवले. त्याच बाजूचा कायदेपंडित ग्रोशियस याला जन्मठेप झाली, तो १६२१ मध्ये पुस्तकांच्या पेटाऱ्यात लपून किल्ल्यातून निसटला. ते तुमच्या पुस्तकात असेलच.

वसईचा वारा :
नगरकर, तुमच्या मंडळीत यावर उपदेश होतात का? आमच्या फादरांच्या तोंडून मी 'पूर्वनेमणूक' कधी ऐकलेले नाही. कृपा मात्र दर रविवारी.

नगरकर :
क्वचितच. गंमत अशी की आमच्याकडे आले ते अमेरिकन मराठी मिशनचे लोक आणि मुंबईत जॉन विल्सन वगैरे स्कॉटिश मिशनरी, दोन्ही कॅल्विनच्या परंपरेतले. मुंबई-पुण्याचे मेथडिस्ट त्यांच्या पंथाचा संस्थापक वेस्ली याच्या वाटेचे, म्हणजे आर्मिनियसच्या बाजूचे. १७३९ मध्ये वेस्लीने पूर्वनेमणुकीविरुद्ध उपदेश केला आणि त्याचा जिवलग मित्र व्हाइटफील्ड याच्याशी त्याचे बिनसले. आज मात्र नाताळच्या फराळाला दोन्हीकडचे शेजारी बसतात आणि कुणाला कलमे आठवत नाहीत. माझी आजी दोन्ही बाजू एका दमात म्हणायची, 'त्याने निवडलं म्हणून आपण आहोत, पण उठून प्रार्थनेला तुलाच जायचंय.' ती बाई 'असेल माझा हरी'वाली अजिबात नव्हती.

पानगळ :
ठरले. 'पूर्वनेमणूक', 'पूर्वज्ञान', 'इच्छास्वातंत्र्य', आणि पहिल्या उल्लेखाला एक तळटीप. शेवटचे एकच : ज्यांना देव निवडत नाही त्यांच्यासाठी 'रिप्रोबेशन' आहे. 'धिक्कार'?

नगरकर :
'अव्हेर' घ्या. पण आधी मजकूर नीट पाहा. १६४६ च्या वेस्टमिन्स्टर विश्वासपत्रकात जीवनासाठी 'प्रिडेस्टिनेटेड' आणि मरणासाठी 'फोरऑर्डेन्ड' असे मुद्दाम दोन शब्द योजले आहेत. डॉर्डरेख्तच्या ठरावात काहींना निवडीत 'ओलांडून पुढे गेले' अशा अर्थाचा प्रयोग आहे. तिथे 'वगळले' लिहा. अव्हेरणे आणि वगळणे यांत फरक नाही असे आर्मिनियसवाले म्हणत. सभेतल्या पुष्कळांना मात्र तो फरक हवा होता.

टीपकागद :
यादीतून नाव वगळले, असे आमच्या सोसायटीतही होते. कारण तिथेही सांगत नाहीत.