शब्दचर्चा : औषधाच्या कुपीची ‘गळती’

प्रश्न : मुंबईतील औषधसाठवणुकीच्या गोदामांत काम करणाऱ्यांसाठी मराठी माहितीपत्रक लिहीत आहे. ‘लीक टेस्ट’साठी ‘गळती चाचणी’ हा शब्द पुरेसा आहे का?

उत्तर १ : गोळ्यांच्या स्ट्रिपपुरता तो चालेल. स्ट्रिप मिथिलीन ब्लूच्या पाण्यात बुडवून भांड्यातील हवा पंपाने ओढतात आणि काही वेळाने परत सोडतात. ज्या कप्प्याचे सील कच्चे असते त्यात निळे पाणी शिरते आणि स्ट्रिप पुसून फोडली की गोळीवर डाग दिसतो. इंजेक्शनच्या कुपीसाठी मात्र हा शब्द मला अपुरा वाटतो, कारण ‘गळती’ म्हटले की आतले द्रव्य बाहेर येणे डोळ्यांपुढे येते, आणि कुपीत खरी भीती बाहेरचे आत जाण्याची असते.

उत्तर २ : दिशेचा आक्षेप मला पटत नाही. पावसाळ्यात आपले छप्पर गळते तेव्हा पाणी बाहेरूनच आत येते. अडचण वेगळी आहे. २ ते ८ अंशांवर ठेवलेल्या कुपीचे रबरी बूच लवचीक असते, पण कोरड्या बर्फात (गोठवलेल्या कार्बन डायऑक्साइडमध्ये), म्हणजे उणे ७८ अंशांच्या आसपास, बुचाचे ब्यूटिल रबर काचेसारखे कडक होते आणि काचेपेक्षा जास्त आकसते. बूच व काच यांच्यात सूक्ष्म फट पडू शकते, थंडीने आतील वायूचा दाब घटलेलाच असतो, आणि त्या बर्फातून निघणारा कार्बन डायऑक्साइड वायू आत ओढला जातो. कुपी बाहेर काढून तापली की रबर पुन्हा फुगून फट बंद करते. वायू मात्र आतच अडकतो, दाब वाढतो, औषधाची आम्लता बदलू शकते. अशी कुपी खोलीच्या तापमानाला निळ्या पाण्यात कितीही बुडवली तरी निर्दोषच ठरेल, कारण त्या क्षणी काहीच गळत नसते! म्हणून बुचाखालच्या मोकळ्या जागेतील वायू कुपी न उघडता लेझरने तपासतात, किंवा हीलियम वायू फटीतून निसटतो का हे पाहणारी चाचणी गोठलेल्या अवस्थेतच करतात.

माहितीपत्रकात ‘बंदिस्तपणाची चाचणी’ असे लिहावे आणि ती कोणत्या तापमानाला केली ते प्रत्येक वेळी सोबत नोंदवावे, ही माझी आग्रहाची विनंती आहे. स्ट्रिपसाठी ‘गळती चाचणी’ खुशाल राहू द्या; कारखान्यात तो शब्द रुळलेला आहे आणि कामगाराला तो लगेच कळतो.